शिंक्यापासून फ्रीजपर्यंत

आमच्या भागात शिळं खाणं ही लाजेची गोष्ट कधीच नव्हती. सकाळची न्याहारी म्हणजे रात्रीची भाकर, वर ठेचा नाहीतर तेल-चटणी, आणि असलं तर दही. माणूस श्रीमंत असो की सालगडी, भाकर शिळीच. ताजी भाकर सकाळी कोण थापणार? बाई दिवस उगवायच्या आत जात्यावर बसायची, मग पाणी, मग शेण, मग शेत. रात्रीच चार भाकरी जास्तीच्या थापून ठेवायच्या, हा हिशोब होता.

तो हिशोब पिढ्यान् पिढ्या चालला आणि माणसं सहसा आजारी पडली नाहीत. मग आता घरोघरी फ्रीज आला तरी रात्रीचं खाऊन उलट्या झाल्याचं का ऐकू येतं? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे.

आधी जुन्या घराचं सांगतो. लासूर गाव वेगळं आणि लासूर स्टेशन वेगळं. निजामाच्या राज्यात १९००च्या सुमारास हैदराबादहून मनमाडला छोट्या रुळाची गाडी सुरू झाली, तिच्या स्टेशनापाशी ही वस्ती वाढली. मनमाडकडं किंवा औरंगाबादकडं निघालेल्या माणसाच्या धडप्यात काय असायचं? दशम्या आणि धपाटे. भात-वरण बांधून घेतलेला माणूस मी लहानपणी पाहिला नाही. दशमी दुधात मळलेली, तव्यावर कोरडी भाजलेली. ओल कमी म्हणून दोन दिवस टिकायची. हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण बायांना पक्कं ठाऊक होतं.

घरात अन्न ठेवायच्या जागा ठरलेल्या होत्या. भाकरी बांबूच्या दुरडीत, फडक्यात सैल गुंडाळून. दुरडीला फटी असतात, त्यातून वाफ निघून जाते. तीच भाकर गरम असताना पितळी डब्यात घालून झाकण लावलं की सकाळी तिला घाम सुटलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत बुरशी धरते. कालवणाचं गाडगं शिंक्यात, आढ्याला टांगलेलं. आम्ही पोरं समजायचो, शिंकं मांजरासाठी आहे. ते खरंच होतं, उंदीर-मांजर-मुंग्यांपासून राखायलाच ते. पण आणखी एक फायदा होता. टांगलेल्या गाडग्याला चारी बाजूंनी आणि खालून वारा लागतो. शिवाय गाडगं मातीचं, थोडं झिरपणारं, लहान तोंडाचं आणि लहान पोटाचं. पाच-सहा माणसांचं उरलंसुरलं, ते किती असणार? वाटी-दोन वाटी. ते बघता बघता निवायचं.

दूध मात्र उलट्या रीतीनं राखायचे. ते निवूच द्यायचे नाहीत. गोवरीच्या निखाऱ्यावर दुधाचं मडकं दिवसभर तापत राहायचं, रात्री उतरून विरजण लावायचं. म्हणजे एक तर अन्न कडक गरम ठेवा, नाहीतर लवकर निववा, नाहीतर आंबवून टाका. या तीनच वाटा होत्या. आंबील, ताकातल्या कण्या, चिंच घातलेलं कोरड्यास, अंबाडीची भाजी, ही सगळी आंबट वाट. आंबट अन्नात वाईट जंतू सहजासहजी वाढत नाहीत. शिळ्या कढीला ऊत आणायची म्हण आहे, पण कढी शिळी झाली तरी ऊत आणण्याजोगी राहते ती ताकामुळं, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

श्रावणातली शीतला सप्तमी याच घराण्यातली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं. दशम्या, गुळाच्या पुऱ्या, दही. देवी नावाच्या रोगाची भीती होती तेव्हा हा सण फार कडक पाळत. तो रोग १९७५ नंतर देशातून गेला, सण राहिला. त्या ताटातले जिन्नस बघा. एक तर कोरडे, नाहीतर तळलेले, गोड किंवा आंबट. ठेवून खाण्यासारखंच जुन्या बायांनी निवडलेलं.

मग १९७२चा दुष्काळ आला. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. माय खडी फोडायच्या कामावर जायची. मिलोची लाल ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली. त्या वर्षानं आमच्या घरातल्या बाईमाणसाच्या मनावर एक गोष्ट कायमची कोरली : अन्न टाकायचं नाही. माझी माय पुढं चाळीस वर्षं जगली, पण विटलेलं वरणसुद्धा टाकताना तिचा हात थरथरायचा. ती आधी वास घ्यायची, मग बोटानं तार येते का बघायची, मग म्हणायची, ‘उकळी आण, काही होत नाही.’ तिला नावं ठेवणं मला जमणार नाही. जिनं भूक पाहिली तिचा तो न्याय होता.

पण तिचा न्याय ज्या अन्नावर बसला होता ते अन्नच बदललं. आमच्याकडं भात सणाला किंवा पाहुणा आला तर व्हायचा. पुढं रेशनवर तांदूळ आला, कुकर आला, आणि भात रोजचा झाला. गाडग्याच्या जागी जर्मनची मोठी पातेली आली. लग्नात येसराची आमटी आणि भाकरी जाऊन मोठमोठ्या डेगांतून भात, वरण, मसालेभात आला. अन्न ओलं झालं आणि ढीग मोठा झाला. ठेवायची रीत मात्र तीच राहिली : झाकण घालायचं आणि सकाळी बघायचं.

नात्यातल्या एका लग्नातली गोष्ट. गाव सांगत नाही, माणसं हयात आहेत. हळदीच्या रात्री भात आणि वरण बरंच उरलं. चांगलं अन्न, टाकायचं कसं? डेगीवर परात झाकून वर गोणपाट टाकलं. वैशाखाची रात्र. सकाळी तोच भात फोडणी घालून परतला आणि लवकर आलेल्या पाहुण्यांना वाढला. अक्षता पडायच्या आधी माणसं ओकायला लागली. पोरं, म्हातारी माणसं ओसरीवर आडवी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेली. जीव कुणाचा गेला नाही, पण त्या दिवशी वेगळंच काहीतरी मेलं. नवरीच्या बापाचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं बांधावरून जुनं भांडण होतं. कुणीतरी कुजबुजलं, ‘भावानंच काहीतरी कालवलं.’ झालं. पोलीस पाटलापर्यंत गेलं. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरनं एवढंच विचारलं होतं, ‘भात रात्रीचा होता का?’ पण ते कुणी ऐकलं नाही. भाऊ भावाच्या दारात कित्येक वर्षं गेला नाही. धाकट्याच्या पोरीचं लग्न झालं, थोरला अक्षता टाकायला नव्हता.

त्या डॉक्टरचा प्रश्न मी विसरलो नाही. पुढं वाचायला मिळालं तसं उलगडत गेलं. नॉर्वे देशात १९४७ ते १९४९ या काळात असंच झालं होतं. ओस्लो शहरात चार वेळा मिळून सुमारे ६०० माणसं आजारी पडली. सगळ्यांनी व्हॅनिलाची खीर म्हणावी तसली पिठाळ सॉस खाल्लेली. ती आदल्या दिवशी शिजवून मोठ्या भांड्यात तशीच ठेवलेली होती. स्टेनार हाउगे नावाच्या शास्त्रज्ञानं त्यातला जंतू वेगळा काढला, तो तशाच सॉसमध्ये वाढवला आणि खात्रीसाठी स्वतः प्यायला. काही तासांनी त्यालाही तोच त्रास झाला. त्या जंतूचं नाव बॅसिलस सेरियस. तो मातीत असतो, म्हणून धान्यावर असतो, म्हणून तांदळावरही असतो. त्याचं बी, म्हणजे बीजाणू, उकळत्या पाण्यात मरत नाही. भात कोमट होऊन पडला की ते बी उगवतं, वाढतं आणि भातात विष सोडतं. जंतू मेला तरी उलटी करणारं ते विष परतल्यानं जात नाही. मायचा ‘उकळी आण’ हा न्याय इथं हरतो. मटणाच्या रश्श्यात दुसऱ्या जातीचा जंतू असतो, तोही मोठ्या पातेल्यात हळूहळू निवणाऱ्या रश्श्यात फोफावतो. तो कडक उकळीनं मरतो, पण आपण रस्सा नुसता कोमट करून खातो.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. कांद्याच्या चाळीत हवा खेळली नाही तर मधला कांदा आधी सडतो. ओल्या सोयाबीनचा ढीग ताडपत्रीखाली घाला आणि सकाळी मध्ये हात घाला, चटका बसतो. डेगीतला भात तोच ढीग. वरून गार, पोटात पहाटेपर्यंत कोमट. आणि कोमट म्हणजेच जंतूंचा पाणकळा. साधारण ६० अंशांच्या वर ते वाढत नाहीत, ५ अंशांच्या खाली फार मंद होतात. मधला पट्टा धोक्याचा. अमेरिकेत खानावळींना नियमच आहे : शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत यायला पाहिजे आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत.

आपल्या घरात हे असं करायचं. उरलेलं अन्न पातेल्यात ठेवू नका. परातीत, ताटात दोन-अडीच बोटं जाडीचं पसरा. वरण, रस्सा असेल तर लहान भांड्यांत वाटा, ती गार पाण्याच्या टोपात ठेवा आणि पळीनं हलवत राहा, पाणी तापलं की बदला. झाकण पक्कं लावू नका, माशी बसू नये म्हणून पातळ फडकं घाला. अर्ध्या-पाऊण तासात वाफ जाते. मग झाकून फ्रीजमध्ये. दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. सकाळी लागेल तेवढंच काढा, चांगलं चटका बसेपर्यंत गरम करा, पुन्हा पुन्हा नाही.

गोदरेजनं देशात बनवलेला फ्रीज १९५८ साली आणला. आमच्याकडं तो आधी थंड बाटल्या विकणाऱ्या दुकानात आला, घरात यायला आणखी तीसेक वर्षं गेली. आला तेव्हा भारनियमन होतं. लाईट गेली की दार उघडू नका, चार तास गारवा टिकतो. त्याहून जास्त गेली तर भात, दूध, मटण यांचा मोह सोडा. आणि फ्रीज नसेल तर रात्री भात उरेल एवढा शिजवूच नका. उरलाच तर झोपायच्या आत गुरांच्या घमेल्यात घाला. भाकर जास्तीची थापा, ती राहील.

एक सावधगिरी. नवरात्रात, एकादशीला भगरीमुळं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या मराठवाड्यात येतात. तिथं अन्न ताजं असलं तरी धान्यालाच बुरशी लागलेली असू शकते. बुरशीचं विष शिजवून जात नाही. म्हणून जुनी, ओल लागलेली भगर घरात ठेवू नका, सुटं पीठ आणू नका.

आता आमच्या घरात सून रात्री जेवणं उरकली की भात परातीत पसरते. माय असती तर परात बघून म्हणाली असती, ‘वाळवण घातलं का गं?’ पण सकाळी तो भात वाया गेला नाही, हे पाहून तिचं समाधान झालं असतं. अन्न टाकू नये हे तिचं खरंच होतं. फक्त राखायचं असेल तर रात्रीच राखावं लागतं, सकाळी उकळी आणून राखता येत नाही.