वसतिगृहात नंबर लागला नाही? खोलीच्या भाड्यासाठी ‘स्वाधार’मधून किती पैसे मिळतात?

धाराशिव, बीड, हिंगोलीसारख्या शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचा सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, की भाड्याची खोली शोधावी लागते. अनेकांचं शिक्षण या भाड्यापाशीच अडतं. त्यासाठी राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ मध्ये सुरू झाली.

कोणाला मिळते?
अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवं. विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नसावा.

किती मिळते?
मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजार रुपये. छोट्या जिल्हा ठिकाणी ४३ हजार: भोजनासाठी २५ हजार, निवासासाठी १२ हजार, निर्वाहासाठी ६ हजार. म्हणजे खोलीसाठी महिन्याला हजार रुपये. त्यामुळे बरेच जण एकच खोली वाटून घेतात.

पैसे कुठे येतात?
घरमालकाकडे नाही, तर विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात. सुरुवातीचं भाडं आणि डिपॉझिट मात्र स्वतःच भरावं लागतं.

भाडेकराराचं काय?
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल, तर वाद झाल्यास भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात. त्या चुकीच्या आहेत हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना’ आहे. ‘स्वाधार’ची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करता येते.