लघुग्रहांना नावे कशी मिळतात?

सूर्याभोवती फिरणाऱ्या लाखो लघुग्रहांना आजवर क्रमांक मिळाले आहेत. नाव मात्र सुमारे २५ हजारांनाच आहे. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील पट्ट्यात आहेत.

आधी खूण, मग क्रमांक

नवा लघुग्रह सापडला की त्याला तात्पुरती खूण मिळते. उदाहरणार्थ, '२००६ व्हीपी३२'. यात २००६ हे शोधाचे वर्ष, 'व्ही' म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर हा पंधरवडा आणि 'पी३२' म्हणजे त्या पंधरवड्यातला अनुक्रम. पुढे निरीक्षणांवरून कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक दिला जातो. या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८. २०१९ मध्ये त्याला 'पंडितजसराज' हे नाव मिळाले. पंडित जसराज यांची जन्मतारीख २८-०१-३०. ती वर्ष, महिना, दिवस अशी लिहिली की हाच आकडा येतो.

नाव कोण ठरवते?

नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधकाचा असतो आणि तो क्रमांक मिळाल्यापासून १० वर्षे टिकतो. मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती देते. नाव रोमन लिपीत १६ अक्षरांपर्यंत, उच्चारता येईल असे आणि शक्यतो एकाच शब्दाचे हवे. नावे विकली जात नाहीत. प्रामुख्याने राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे नाव मृत्यूनंतर १०० वर्षांनीच देता येते. यातला 'प्रामुख्याने' हा शब्द महत्त्वाचा आहे. गांधीजींचे निधन १९४८ चे, तरीही १२०४६१ क्रमांकाचा लघुग्रह आजच 'गांधी' या नावाने ओळखला जातो.

सारखी नावे का चालत नाहीत?

आधीच्या नावाशी फार साम्य असलेले नाव समिती स्वीकारत नाही. गोंधळ टाळणे हेच कारण. गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या ज्या गावात राहिले, त्याचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी घोळ होऊन टपाल तिकडे जाई. म्हणून १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. आकाशातला नियमही याच अडचणीवरचा आहे.

नावांचे अर्थ

१८०१ मध्ये सापडलेल्या सेरेसला धान्याच्या रोमन देवतेचे नाव मिळाले. शोधक पियाझी यांनी त्याला आपल्या राजाचे, फर्डिनंडचे नावही जोडले होते. ते इतर देशांत टिकले नाही. पुढे पुराणकथांसोबत शास्त्रज्ञ, कलावंत आणि गावांची नावेही आली. पृथ्वीजवळून जाणाऱ्यांसाठी मात्र आजही पुराणकथांतली नावे पसंत केली जातात. मंजूर नावासोबत त्याचा थोडक्यात अर्थही प्रसिद्ध होतो, त्यामुळे ते कुणाचे किंवा कशाचे, हे नोंदीतच सापडते.