'फिरंगी' : एका शब्दाची वाटचाल

गोदाघाटावर एखादा गोरा प्रवासी दिसला की 'फिरंगी आला' हा उद्गार आजही कानी पडतो. त्यात कुतूहल असते, थोडी चेष्टाही असते. परंतु नाशिकच्याच मातीत वाढलेल्या, मराठीत प्रार्थना करणाऱ्या आपल्या मुलांना कोणी याच शब्दाने हिणवतो, तेव्हा त्याचे मूळ शोधणे अगत्याचे ठरते.

मूळ शब्द 'फ्रँक'. ज्या जमातीवरून फ्रान्स देशास नाव मिळाले, तिचे हे नाव. १०९५ साली पोप दुसरे अर्बन यांनी फ्रान्समधील क्लेर्मों येथून क्रुसेडची हाक दिली. पूर्वेकडे निघालेल्या त्या सैन्यांत फ्रेंच मंडळींचा भरणा मोठा होता. अरबांच्या मुखी पश्चिमेकडील साऱ्याच ख्रिस्ती लोकांना हे एक नाव रूढ झाले. फारसीत त्याचे 'फिरंग', 'फिरंगी' झाले आणि तेथून ते मराठीत उतरले.

मराठी कागदपत्रांत फिरंगी म्हणजे मुख्यत्वे पोर्तुगीज. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची गणना करताना फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस अशी निरनिराळी नावे येतात. म्हणजे ज्यांच्यावरून शब्द निघाला ते फ्रेंच 'फरासीस' म्हणून वेगळेच राहिले!

पुढे शब्दाला फाटे फुटले. युरोपीय पात्याची सरळ तलवार 'फिरंग' झाली. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथाने समुद्रापलीकडून आलेल्या एका गुप्तरोगास 'फिरंग रोग' म्हटले. बांधावरचा काटेरी पिवळा धोत्रा, जो मूळचा अमेरिकेचा, तो 'फिरंगी धोत्रा' ठरला. आणि १६६० साली शायिस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढविणाऱ्या शिवरायांच्या किल्लेदाराचे नाव होते फिरंगोजी नरसाळा! त्यांना कोणी परके मानले नाही.

मग आपल्यालाच परके का मानावे? शेजारच्या वसईचा दाखला घ्या. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली. ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र आपल्या वाड्यांत आणि किनाऱ्यावर तसेच राहिले, कारण ते मुळी बाहेरून आलेच नव्हते. उलट, खरोखर सातासमुद्रापलीकडून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले आणि मराठीने त्यांना आपले म्हटले.

श्रद्धा कोणत्या मार्गाने आली यावरून माणसाचे गाव ठरत नाही. आपल्या मुलांना कोणी हा शब्द ऐकवला, तर त्यांनी रागावू नये आणि मान खालीही घालू नये. त्यांनी ही कहाणी सांगावी, आणि ती चांगल्या मराठीत सांगावी. त्याहून समर्पक उत्तर आम्हांस तरी दिसत नाही.