नववी-दहावीचा वर्ग सजवताना भिंतीवर काय लावावं?

झिरमिळ्या आणि कार्टून बालवाडीत शोभतात; दहावीची मुलं ते बघून हसतात. म्हणून मोठ्यांचा वर्ग कोराच ठेवायचा असं नाही.

नवं काही लावण्याआधी जुने तक्ते तपासा. नकाशात तेलंगण (२०१४) आणि लडाख (२०१९) वेगळे दिसतात का? आज २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. प्लूटो २००६ पासून बटुग्रह आहे. आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्यं हवीत. त्यातल्या चार मूलद्रव्यांची नावं २०१६ मध्येच ठरली. चुकीचा तक्ता काढून टाका, कितीही सुंदर असला तरी. मुलं वर्षभर तोच वाचतात.

फळ्याची भिंत मोकळी ठेवा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगात भरगच्च सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त भरकटलं, चाचणीतही ती मागे पडली. ती मुलं बालवाडीतली होती, त्यामुळे दहावीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. तरी बीजगणित चालू असताना समोर रंगीत गर्दी कशाला?

मागची भिंत मुलांकडे सोपवा. तिथे भित्तिपत्रिका चालवू द्या: पुस्तक परीक्षण, व्यंगचित्र, गावातल्या जुन्या विहिरीची माहिती. विषय त्यांनीच ठरवावा, शिक्षकांनी फक्त शुद्धलेखन बघावं. कागद दोरीला चिमट्यांनी अडकवले की भिंतीचा रंग निघत नाही आणि महिन्याला बदलताही येतात.

गुणांची यादी मात्र कुठल्याच भिंतीवर नको. शेवटच्या नावाचा मुलगा रोज तिच्यासमोर बसतो.