लातूरहून परळला, १९६३

साल १९६३. लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका आहे आणि तुम्ही बार्शी लाईटच्या अरुंद डब्यात गुडघे आखडून बसला आहात. कुर्डुवाडीला उतरायचं, मोठी गाडी धरायची, मग मुंबई. समोरच्या बाकावर विशीतली एक पोरगी आईच्या खांद्यावर मान टाकून बसलीय. "चार पावलं चालली की पाय भरून येतेत बघा हिचे," आई सांगते. "डाक्टर म्हणले, हातातली नाडी जोरात हाय, पायात लागतच न्हाई. परळला न्या." ही मायलेक माझ्या कल्पनेतली, आजार खरा.

तुम्ही त्यांच्यामागून परळच्या के.ई.एम. रुग्णालयात शिरता. डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. किनरे, डॉ. इंजिनिअर आणि डॉ. परुळकर यांचा या आजारावरचा लेख याच वर्षी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आहे. हृदयाकडून पोटात उतरणारी महाधमनी मध्येच चिंचोळी होते. वर रक्तदाब चढतो, खाली पाय उपाशी राहतात. चिंचोळ्या भागाला वळसा घालून कापडी नळी जोडणं, हा त्यावरचा एक मार्ग. डॅक्रॉनची ती नळी बोटांत धरून पाहा: हलकी, चुण्याचुण्यांची. शर्टाला वापरतात तोच पॉलिएस्टर. अमेरिकेत शल्यविशारद डिबेकींनी अशा पहिल्या नळ्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या.

या नळीने असंख्य माणसं वाचवली. पण ती निर्जीव आहे. एखादा जंतू तिच्यावर बसला की स्वतःभोवती बुळबुळीत थर चढवतो. त्या थरात औषध नीट शिरत नाही. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी जांघेतून पू येतो, बारीक ताप राहतो. सर्वांत वाईट म्हणजे नळी शेजारच्या आतड्याला घासून त्यात भोक पाडते.

१९६३च्या शस्त्रक्रियागृहात अशा रुग्णाशेजारी उभे राहिलात तर पेच तुम्हालाही कळेल. नळी ठेवली तर जंतू मारतो. काढली तर पायांचं रक्त तुटतं. त्याच वर्षी अमेरिकेत ब्लेसडेल आणि दक्षिण आफ्रिकेत लाऊ या शल्यविशारदांनी वेगळी वाट दाखवली: काखेतल्या धमनीपासून कातडीखालून जांघेपर्यंत नवी नळी न्यायची. मग पोटातली सडकी नळी काढून महाधमनीचं तोंड शिवून टाकता येतं. वाट शहाणपणाची, पण ते शिवलेलं तोंड पुढे फुटू शकतं, ही भीती कायम.

आता ३० वर्षं पुढे या. सप्टेंबर १९९३. अमेरिकेतल्या डॅलसचे शल्यविशारद क्लॅगेट आणि सहकारी 'ॲनल्स ऑफ सर्जरी'त लिहितात, की रुग्णाच्याच मांडीतली खोल, जाड शीर काढून तिची महाधमनी शिवा. जिवंत ऊती जंतूंना सहजी दाद देत नाही. शस्त्रक्रिया फार लांबते, पाय सुजू शकतो, तरी मला ही या साऱ्या प्रवासातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पहाटेच्या भूकंपात किल्लारी कोसळली. लातूरकराला त्या सप्टेंबरचं दुसरं काही आठवायचं कारणच नाही.

आणि आता आजचा दिवस. मांडीची शीर, मृत दात्याची धमनी, प्राण्यांच्या हृदयावरणाची नळी, रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकात भिजवलेलं डॅक्रॉन असे पर्याय आहेत. कोणता निवडायचा ते जंतू आणि रुग्णाची ताकद पाहून ठरतं. पण मुंबई, पुणे किंवा हैदराबादला नळी बसवून नांदेड-लातूरला परतलेला माणूस वर्षांनंतर ताप आला की गावातल्या दवाखान्यात जातो, आणि तिथे नळीची गोष्ट कुणी काढतच नाही. तुमच्या घरात असा माणूस असेल तर शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तोच दाखवा. न हटणारा ताप किंवा जांघेतला पू असेल तर त्याच आठवड्यात सीटी स्कॅनचं विचारा. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली, आणि ती थोडक्यात थांबली, तरी सकाळची वाट पाहू नका. पहिला रक्तस्राव बहुधा छोटा असतो; दुसरा जीव घेतो.