नगावर बक्षीस

फलटणला भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सरळ मारून का टाकत नाहीत?" पोराला कुत्रं चावलेल्या बापाचा राग खोटा नसतो. पण मंडळी, हा प्रयोग मुंबईत होऊन गेलाय.

कंपनी सरकारने 1813 पासून मुंबईत ठराविक महिन्यांत मोकाट कुत्री मारायला मुभा दिली होती. (फलटण नाईक-निंबाळकरांचं संस्थान, तिथे हा नियम नव्हता.) 1832 साली मुदत वाढवली आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस. झालं! नगावर पैसे म्हटल्यावर पिसाळलेलं कुत्रं शोधत कोण बसतो? शिपाई लोकांच्या घरात शिरून पाळीव कुत्री मारू लागले. पारशांच्या अंत्यविधीत तर कुत्र्याला मान, प्रेताला कुत्र्याची नजर लागते. 6 जूनला जमावाने शिपायांना चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, कुलाब्यातल्या गोऱ्या पलटणीची रसद अडवली, शेवटी लष्कर आलं. पुढे तोडगा निघाला: मारायची नाहीत, शहराबाहेर नेऊन सोडायची. म्हणजे दुसऱ्याच्या दारात!

2001 च्या केंद्रीय नियमांनी हेही बदललं. नसबंदी, रेबीजची लस आणि उचललं तिथेच परत; कारण जागा रिकामी झाली की नवी कुत्री येतात. 2023 च्या नियमांतही तेच. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, एसटी स्टँड यांचा अपवाद केला.

आमच्या धंद्यात म्हणतात, जे मोजाल तेच वाढतं. मुंबईने मुडदे मोजले. आपण नगरपालिकेला विचारावं, यंदा नसबंद्या किती, लसी किती?