रविवारच्या बादलीची कुळकथा

माशांच्या टाकीतलं पाणी नितळ दिसत असलं तरी दर रविवारी त्यातलं पाव हिस्सा पाणी नळीने बादलीत काढायचं आणि क्लोरीन घालवलेलं ताजं पाणी भरायचं, ही रीत मासे पाळणारे मनापासून पाळतात. घरातल्या बाकीच्यांना ती पटत नाही. एवढं स्वच्छ पाणी काढून टाकायचं कशाला? कारण त्यात नायट्रेट साठलेलं असतं, आणि नायट्रेटला ना रंग, ना वास. या रीतीचं मूळ शोधत गेलं की आपण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, एका बापलेकांच्या दारात पोचतो. दोघांचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. पाणी बदलावंच लागू नये म्हणून बापाने टाकी मांडली. ते का बदलावं लागतं, याचं उत्तर मुलाच्या हाती लागलं.

थोरले वॉरिंग्टन लंडनच्या ॲपॉथिकरीज हॉलमध्ये रसायनशास्त्रज्ञ होते. 1849 साली त्यांनी 12 गॅलनच्या, म्हणजे सुमारे 54 लिटरच्या काचेच्या भांड्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. मासा कार्बन डायऑक्साइड सोडणार, पान तो घेऊन प्राणवायू परत देणार, असा त्यांचा हिशेब होता. काही दिवसांनी जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकं खाऊन टाकलं, आणि त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. 1850 मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे सगळं छापून आलं. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक निघालं, ‘ॲक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला आणि दिवाणखान्यातली टाकी ही इंग्लंडमध्ये हौसेची वस्तू झाली. तिच्यासोबत एक समजूतही पसरली. मासे, वनस्पती आणि गोगलगाई यांचं जमलं की पाण्याला हात लावायला नको.

या समजुतीबद्दल थोरल्यांना दोष देणं मला बरोबर वाटत नाही. त्यांच्या भांड्यात मासे दोनच होते, तेही लहान, आणि वनस्पती जोमात होती. माशांच्या विष्ठेतलं नत्र ती वाढता वाढता शोषून घेत होती. लोकांनी त्यांचं भांडं उचललं, प्रमाण मात्र मागेच राहिलं. आजही दोन फुटी टाकीत आपण वीस मासे सोडतो, तेव्हा हेच करतो. पण हेही खरं, की नत्राचा रकाना थोरल्यांच्या वहीत नव्हता. त्यांचा सारा हिशेब प्राणवायूचा.

नायट्रेट तसं माणसाच्या फार जुन्या ओळखीचं. जुन्या गोठ्याच्या भिंतीला लोणा लागतो, पांढरी पूड फुटून येते. त्या पुडीत सोरा असतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बिहारमधले नोनिया अशी माती खरवडून, पाण्यात कालवून, ते पाणी आटवून सोरा काढायचे, आणि ईस्ट इंडिया कंपनी बंदुकीच्या दारूसाठी तो जहाजं भरभरून नेत असे. जनावरांच्या मुताचा मातीत सोरा होतो, एवढं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तो करतं कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. हवा आणि माती यांच्यातली ती निव्वळ रासायनिक क्रिया असावी, असा तर्क होता.

1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवलं. वीस दिवस काहीच झालं नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसायला लागलं. क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. नळीत क्लोरोफॉर्म सोडल्यावर ती थांबली. पुढे मातीचं थोडं पाणी घातल्यावर पुन्हा चालू झाली. हे जिवंत काहीतरी होतं आणि ते विरजणासारखं लागत होतं. नवी टाकी मांडून मासे सोडण्याआधी तीन-चार आठवडे ती मुरू देणाऱ्याला ते वीस दिवस लगेच ओळखू येतात. जुन्या फिल्टरचा स्पंज नव्या टाकीत पिळणं म्हणजे तेच विरजण.

थोरल्यांनी टाकी मांडली तेव्हा धाकटा रॉबर्ट दहा-अकरा वर्षांचा होता. तो बापाच्याच प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकला आणि पुढे रॉथमस्टेडच्या शेती प्रयोगकेंद्रात गेला. फ्रेंचांचा प्रयोग त्याने पडताळून पाहिला. हे जीव अंधारात काम करतात, उजेडात मंदावतात, हे त्याला दिसलं. मग आणखी मोठी गोष्ट उलगडली: काम दोन टप्प्यांत होतं आणि करणारे वेगवेगळे असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे जीव वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये विनोग्रॅद्स्की यांना ते साधलं.

टाकीतही माशांच्या उत्सर्गातल्या अमोनियापासून हीच साखळी सुरू होते. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो, नायट्राइट त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. त्या मानाने नायट्रेट सौम्य, पण साखळी तिथेच संपते. फिल्टरमध्ये हवा खेळत असते, आणि नायट्रेटचा नत्रवायू करणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू नसलेली जागा लागते. म्हणून ते साठत जातं. मग बादली.

बादलीचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. टाकीत आठवड्याला लिटरमागे 10 मिलिग्रॅम नायट्रेट वाढत असेल आणि दर रविवारी पाव पाणी बदललं, तर ते वाढत वाढत 40 वर येऊन स्थिरावतं. अर्धं बदललं तर 20 वर. बरेच जण 20 ते 40 च्या आत राहायचा प्रयत्न करतात. पण नळाच्या पाण्यातच 20 असेल, तर पाव पाणी बदलूनही आकडा 60 वर जातो. म्हणून नळाचं पाणी आधी तपासावं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा 45 आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक बोअरचं पाणी ती ओलांडतं. याचं एक मोठं कारण शेतातून झिरपणारं खत. रॉथमस्टेडला धाकट्या वॉरिंग्टनने शेताखालून झिरपणाऱ्या पाण्यातलं नायट्रेटही मोजलं होतं. आज आपण ज्या किटने टाकी तपासतो, त्यातला गुलाबी-लाल रंग त्याच्याच काळातला आहे. पीटर ग्रीस यांनी 1879 मध्ये दिलेली ती नायट्राइटची कसोटी. नायट्रेट मोजताना आधी त्याचं नायट्राइट करावं लागतं. बऱ्याच किटमध्ये त्यासाठी जस्ताची पूड असते आणि ती तळाशी बसते. बाटली जोरात हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो.

फार दिवस साठलेलं नायट्रेट एका दिवसात उतरवू नये. जुन्या टाकीचं पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, आणि माशाचं शरीर त्याला सरावलेलं. दोन-तीन दिवसांआड थोडं थोडं बदलावं, खाणं कमी टाकावं, तळातला गाळ ओढून काढावा. टाकीच्या कडेला मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडली तर तीही बरंच नत्र ओढतात. थोरल्यांची व्हॅलिस्नेरिया हेच करत होती.

त्यांच्या प्रयोगाला शंभर वर्षं झाली त्या 1949 साली जेम्स ॲट्झ यांनी समतोल टाकी ही एक दंतकथा असल्याचं लिहिलं. पुढे, 1998 मध्ये, गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं काम पाठ्यपुस्तकांत सांगितलेला नायट्रोबॅक्टर हा जीवाणू करत नसून नायट्रोस्पायरा करतो, असं दिसून आलं.

बादलीतलं पाणी मोरीत ओतू नका. कुंड्यांना घाला. आठवड्याभरात तुळशीची पानं गडद होतात.